डावी कूस

६ नोव्हेंबर

प्रिय दिंका,

पत्रात आधी हवा लिहावी, मग खुशाली, आणि काम सगळ्यात शेवटी, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा शिकवायच्या. आठवतं? तू एकदा नुसतं 'इथे थंडी आहे, मला घरी न्या' एवढंच लिहिलं होतंस, आणि त्यांनी ते फाडून तुला पुन्हा लिहायला बसवलं होतं. मी शहाणी बहीण, म्हणून आधी हवाच लिहिते. दक्षिणेचा वारा सुटलाय. भिंतींना घाम फुटलाय, बरणीतल्या मिठाचा दगड झालाय आणि सगळं गाव एकमेकांवर खेकसतंय. खुशाली अशी की मी ठीक आहे, कंबर सोडून.

तुझा पत्ता तुझ्या विंकोच्या चुलतबहिणीनं दिला. फोन नंबर मागितला तर म्हणाली, "तो नको मागूस बाई, दिंका मला फाडून खाईल." म्हणून पत्र. विंको गेल्याचंही तिच्याकडूनच कळलं. चर्चमध्ये त्याच्या नावानं मेणबत्ती लावली. आईला सांगितलं नाही.

आता काम. आई घरी नाही. वसंतात पडली, अंगणाच्या पायरीवर, कपडे वाळत घालताना. मणक्याचं हाड चेपलं आणि तेव्हापासून ती पायावर उभी राहिलेली नाही. उन्हाळाभर मी घरीच सगळं केलं. मग माझीच कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, "येर्का, आता तुम्हां दोघींना उचलायला तिसरं माणूस लागेल." म्हणून तिला बंदरावरच्या वृद्धाश्रमात ठेवलंय. आपल्या लहानपणी सार्डिन मासळीचा कारखाना होता ना, त्याच जागी. खिडकीतून सगळं बंदर दिसतं. गाव काय बोलतं ते तुला सांगायला नको. बेकरीत म्हाताऱ्या लुक्रानं तोंडावर ऐकवलं, "दोन-दोन मुली जन्माला घातल्या, आणि मरायला परक्याची खाट!" मी पाव घेतला आणि आले.

बाकी आई छान आहे. झोपून झोपून उजव्या खुब्यावर थोडी लाली आलीय, एवढंच. काळजीचं काही नाही. आपल्या घरी गाळलेली, रोझमेरी घातलेली राकिया मी रोज नेते आणि चांगला जोर लावून चोळते. आई म्हणते, "चोळ, चोळ, रक्त खेळू दे." खोलीभर वास सुटतो. डोळे मिटले की वाटतं बाबाच समुद्रावरून आलेत आणि आई त्यांची पाठ चोळतेय.

तुझी,
येर्का

२३ नोव्हेंबर

प्रिय दिंका,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंच नव्हतं.

राकियाचं मागच्या पत्रात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते विसर.

इथे नेवेंका म्हणून मुख्य नर्स आहे. आवाज मासळीबाजारातला, पण हात हलके. मी दार लोटून आईचा खुबा चोळत होते, तेवढ्यात ती आत आली आणि नाक वर करून उभी राहिली.

"हा वास कसला?"

"घरची आहे. घेतेस घोटभर?"

"प्यायची असेल तर ग्लास आणते. पण तुम्ही करताय काय?"

मग तिनं मला जवळ बोलावलं. लाल जागेवर बोट दाबलं आणि उचललं. "बघा. बोट काढल्यावर कातडी पांढरी पडायला हवी, मग पुन्हा लाल. इथे पांढरी पडतच नाही. म्हणजे हाड आणि गादी यांच्यामध्ये आतलं मांस चेपून मरायला लागलंय. आणि तुम्ही त्याच्यावर दारू चोळताय! वरून कातडी कोरडी करताय, आतून चिरडताय."

"आमच्याकडे सगळ्याला हेच लावतात," मी म्हटलं.

"माझी आजीपण लावायची. माझ्या आजोबांना. काय झालं ते विचारू नका."

आई भिंतीवर बोलल्यासारखी म्हणाली, "तिच्यावर ओरडू नकोस. मीच सांगितलं होतं चोळायला."

"बरं झालं सांगितलंत आजी. मग तुमच्यावर ओरडते."

दोन दिवसांनी ती जागा फुटली. वरची साल गेल्यासारखी, नाण्याएवढी. बेडसोअर म्हणतात त्याला. आता आईखाली हवेची गादी आहे. ती एकदा इथे फुगते, एकदा तिथे, म्हणजे भार एकाच ठिकाणी राहत नाही. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटऱ्यांखाली उशी. वर सरकवायचं तर ओढायचं नाही, दोघींनी चादरीसकट उचलायचं. रोज अंडं, मासा, हाडांचं सूप. जखम मांसानंच भरते, हवेनं नाही, असं नेवेंका म्हणते. आणि दर दोन तासांनी कूस बदलायची. आईचं म्हणणं, "मी काय जाळीवरची सार्डिन आहे, उलटी करायला? आता लिंबू पिळा आणि वाढा."

तिच्या खोलीत कोण आहे माहितेय? बेपिना. बंदरावरचं केस कापायचं दुकान तिचंच. कॉन्व्हेंटला जायच्या आदल्या दिवशी आपल्या वेण्या तिनंच कापल्या होत्या आणि तू तुझी वेणी खिशात घालून नेली होतीस. पाय गेलेत, जीभ तशीच आहे. माझ्याकडे बघून म्हणाली, "येर्का, केस कुणी कापले गं? बकरीनं?"

काळजी करू नकोस. तू करतेस असं मला वाटतं, म्हणून लिहिलं.

येर्का

५ डिसेंबर

दिंका,

हवा आज लिहीत नाही.

आई डाव्या कुशीवर राहत नाही. सगळं तिथे अडलंय. उजव्या खुब्यावर जखम, म्हणजे उजवी कूस बंद. पाठीवर किती वेळ ठेवणार? माकडहाडावरही लाली आलीय. राहिली डावी. नेवेंका आणि दुसरी मुलगी तिला हळूच डावीकडे कलवतात, पाठीला उशी लावतात, आणि त्या दाराबाहेर पडल्या की आई दात-ओठ खाऊन खाटेचा कठडा धरते आणि स्वतःला ओढून परत उजवीकडे घेते. त्या ओढण्यात जखम घासते. पट्टी निघते. मी रागावले, रडले, अंजिराचं आमिष दाखवलं. काही नाही.

नेवेंका आज वैतागली. "आजी, डावीकडे काय भूत बसलंय का?"

"भिंत आहे."

"भिंत काय खाते?"

"खिडकीला पाठ होते."

"होऊ दे की! समुद्र काय रुसणार आहे?"

नेवेंका गेल्यावर मी खुर्ची ओढून बसले. बेपिना झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होती. आई खिडकीकडे बघत होती. दुपारची बोट समुद्रात शिरलेल्या टोकाला वळून आत येत होती. ती धक्क्याला लागेपर्यंत आईनं नजर काढली नाही. मग म्हणाली, "ती बोटीतून उतरली आणि तिला माझी पाठ दिसली तर? एकदा दाखवली तेवढी पुरे."

दिंका, तुझं नाव तिनं घेतलं नाही. इतकी वर्षं घेतलेलं नाही. पण घरात दुसरं कोण बोटीतून उतरायचं राहिलंय?

तो दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. तू कठड्याशी विंकोचा कोट घालून उभी होतीस. सगळा धक्का भरलेला. आपल्याकडे बोट टोकामागे जाईपर्यंत कुणी जागचं हलत नाही, पोरंसुद्धा नाहीत. पाठ केली तर गेलेलं माणूस परत येत नाही. आणि आईनं भोंगा वाजताच पाठ केली. मुद्दाम, सगळ्यांदेखत, बायको सोडलेल्या माणसाबरोबर चाललीस म्हणून. मी तिच्या शेजारी होते. मी हात वर केला होता, पण तुझं लक्ष तिच्या पाठीकडेच होतं. घरापर्यंतच्या पायऱ्या चढताना ती एकदाही थांबली नाही. वर आल्यावर तिनं बटाटे सोलायला घेतले आणि सोलतच राहिली. तेवढे बटाटे आम्ही तिघं आठवडाभर खाल्ले.

बाबांच्या वेळी तू आली नाहीस, तेव्हा गावानं तुला नावं ठेवली. आईनं एका शब्दानं ठेवली नाहीत. ते मी तेव्हाच तुला लिहायला हवं होतं.

आणखी एक. पहिल्या पत्रात 'थोडी लाली' लिहिलं, दुसऱ्यात 'नाण्याएवढी'. नाण्याएवढी ती वरून होती. आतून पोकळ आहे. डॉक्टरांनी काळं पडलेलं मांस कापून काढलं तेव्हा मला बाहेर पाठवलं होतं, पण पट्टी बदलताना मी पाहिलं. माझं अर्धं बोट आत जाईल. हाडापर्यंत गेली तर मग काही हातात राहत नाही, असं नेवेंका सरळ म्हणाली. ती सरळच बोलते.

ये, असं म्हणायला मला तोंड नाही. तरी म्हणते.

येर्का

१६ डिसेंबर

प्रिय दिंका,

आज पुन्हा आधी हवा. उत्तरेचा कोरडा वारा सुटलाय, आकाश घासून लख्ख, समोरच्या बेटावरचं प्रत्येक झाड मोजता येतं.

ऐक, काय झालं. परवा पुन्हा तेच युद्ध चाललं होतं. आई कठड्याला लटकलेली, नेवेंका घामाघूम. तेवढ्यात बेपिना पलीकडच्या खाटेवरून ओरडली, "अगं मठ्ठ बायांनो! गिऱ्हाइकाला मानेमागचं कसं दाखवतात?"

कुणालाच कळेना.

"आरसा! आयुष्यभर तेच केलं मी. माणूस पुढे बघतो आणि त्याला मागचं दिसतं. माझ्या दुकानातला मोठा आरसा भाच्याच्या गोठ्यात पडलाय. बकऱ्या त्यात बघून भांग पाडत असतील."

आरसा आला. डावीकडच्या भिंतीला कपाट आहे, त्याच्या दारावर वृद्धाश्रमातल्या सुतारानं ठोकला. नेवेंकानं खाली वाकून, आईच्या उशीवर स्वतःचं डोकं ठेवून बघितलं आणि तो चार वेळा वर-खाली करायला लावला. सुतार म्हणाला, "बाई, तुम्हीच झोपा इथे, मी घरी जातो." मग आईला डाव्या कुशीवर कलवलं.

आई बघत राहिली. आरशात खिडकी, खिडकीत बंदर.

"हे कुठलं गाव?" ती म्हणाली.

"आपलंच. उलटं दिसतं फक्त," बेपिना म्हणाली.

"चर्च चुकीच्या बाजूला आहे."

"आरशात तसंच असतं उर्सुला."

"मग तू कापलेले केसही उलटेच होते म्हणायचे. इतकी वर्षं मला वाटायचं, माझंच डोकं वाकडं."

पण तिनं कठडा धरला नाही. पुढची कूस बदलायची वेळ होईपर्यंत ती तशीच राहिली. बाहेर व्हरांड्यात नेवेंका भिंतीला टेकून रडली आणि मला म्हणाली, "कुणाला सांगितलंत तर बघा."

एकच अडचण आहे. खरी खिडकी बघितली, तर येणारी बोट उजवीकडच्या टोकामागून निघते आणि डावीकडे धक्क्याकडे जाते. जाणारी बोट उलट. आरशात सगळं फिरतं. येणारी बोट जाताना दिसते आणि शेवटी चर्चमागे गडप होते. आईला आता नीट दिसत नाही, ती चर्चलाच टोक समजते. दर वेळी विचारते, "आली की गेली?" आणि बेपिना सांगते, "आली गं बाई, आली."

येर्का

१९ जानेवारी

प्रिय दिंका,

पार्सल आलं.

पोस्टमन धापा टाकत वर आला, "ऑकलंडहून. मेंढी पाठवलीय का कुणी?" मी हसले, कारण खरंच मेंढी होती. एवढं दाट, पांढरं कातडं मी कधी पाहिलं नव्हतं. आत पत्र शोधलं. कागद झटकला, पेटीचा तळ चाचपला. दोन ओळीसुद्धा नाहीत. फक्त धुण्याच्या सूचना. तुला हवा, खुशाली, काम काहीच लिहायचं नव्हतं का गं? पण तू पेटीवर माझं नाव जसं लिहिलंयस, 'येर्का'चा 'का' शेपटी काढून, तसं सिस्टर बेनेडिक्टा तुला कितीदा खोडायला लावायच्या. मी पत्त्याचा तुकडा कापून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलाय.

नेवेंकाला दाखवलं. वाटलं, राकियासारखं हेही मोडीत काढेल. तिनं बोटं आत खुपसली, कातडं उलटून पाहिलं, आणि म्हणाली, "हे चांगलं आहे. खरी लोकर हवा खेळती ठेवते, घासत नाही. पाठवणाऱ्याला कळतं." आता ते आईच्या पाठीखाली असतं.

आईनं हात लोकरीत घातला आणि तिथेच ठेवला. "कुणी दिलं?"

मी म्हणाले, "दुकानातून आणलं."

ती वास घेत राहिली. "आपल्या दुकानात असलं मिळत नाही," ती म्हणाली. आणखी काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून झोपतानाही तिची मूठ लोकरीत असते. उघडावी लागते.

आणि जखम भरतेय, दिंका! आत लाल, दाणेदार मांस आलंय, डाळिंब फोडल्यासारखं. नेवेंका रोज बघते आणि शिटी वाजवते. आता माझ्या बोटाचं पेरही आत जाणार नाही. तळ वर येतोय.

नाताळच्या आदल्या दिवशी सुकवलेला कॉड मासा बारीक कुस्करून भरवला. "काटे काढलेस का?" आईनं विचारलं. "दिंकाच्या घशात काटा अडकला होता."

तुझं नाव. तोंडातून असंच निसटलं. तिला कळलंसुद्धा नाही. बेपिनानं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे तोंड केलं.

येर्का

११ फेब्रुवारी

प्रिय दिंका,

आई शनिवारी गेली.

जखमेनं नाही. हे मला तुला पहिल्यांदा सांगायचं होतं. वृद्धाश्रमात थंडी-तापाची साथ आली, आधी ताप आणि मग छातीत कफ. जखम जवळजवळ भरत आली होती. कडेनं नवी कातडी आत सरकली होती, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. शेवटचं अंग पुसलं तेव्हा नेवेंकानं तिथे बोट दाबून उचललं आणि म्हणाली, "बघा, पांढरं पडतंय." मग वाट पाहिली. ते पांढरंच राहिलं. आम्ही दोघी बघत बसलो.

शनिवारी सकाळी ती शुद्धीवर होती. ताप उतरला होता, म्हणून मी अंडं घेऊन गेले होते. नेवेंकानं तिला डाव्या कुशीवर केलं, पाठीशी तुझी लोकर, समोर बेपिनाचा आरसा. "आजी, आता पट्टी थोडे दिवसच," नेवेंका म्हणाली. आई म्हणाली, "मग तुला दुसऱ्या कुणाला उलथावं लागेल. बेपिनाला उलथ, जड आहे."

सकाळच्या बोटीचा भोंगा वाजला. मी अंडं सोलत होते. वर पाहिलं तर आईनं हात लोकरीतून काढला होता. नुसताच वर धरला. मग हलवायला लागली. हळूहळू, जशा आपल्याकडच्या बायका धक्क्यावरून हलवतात, कोपरातून. आरशात बोट चालली होती. आई तिच्याकडे डोळे लावून होती. तिनं "आली की गेली" विचारलं नाही. बेपिनाही या वेळी काही बोलली नाही. बोट चर्चमागे जाईपर्यंत आईचा हात वर होता. आपण कितीदा ऐकलंय ना, टोकामागे जाईपर्यंत हलायचं नाही? ती हलली नाही.

मग हात खाली आला आणि तिनं मला सांगितलं, "गेली. नीट गेली. आता मला पाठीवर कर."

मी नेवेंकाला हाक मारली, दोघींनी चादरीसकट उचलून तिला पाठीवर ठेवलं. दुपारी ती गेली.

माणूस गेलं की आपल्याकडे आरसे झाकतात, तसा बेपिनानं आरसा चादरीनं झाकायला लावला. दफनानंतर मी सामान न्यायला गेले, तर म्हणाली, "काढ ती चादर. मला बोटी बघायच्यात." काढली. बेपिनानं डोळे पुसले आणि विचारलं, "तिला सांगायला हवं होतं का गं आपण?"

लोकर मी कोमट पाण्यात धुतली, पिळली नाही, सूचनेत लिहिलंय तशी. अंगणात सावलीत टाकलीय, आई पडली त्या पायरीजवळ. वाळायला वेळ लागेल. मला ती परत पाठवायची नाही, आणि दुसऱ्या कुणाला द्यायचीही नाही.

आई तुला निरोप देऊन गेली, दिंका. शेवटपर्यंत उभी राहिल्यासारखी. गावात कुणाला हे माहीत नाही, म्हणून तुला कुणीतरी लिहायला हवं होतं.

पण ती सकाळची बोट येत होती. मी तिला सांगितलं नाही. तुला सांगते.

तुझी,
येर्का